धुराड्याला टोपी घाला, आणि घातल्यावर तिला विसरू नका

(प्रभागसंघाच्या एप्रिल महिन्याच्या सभेत, चुली बांधणाऱ्या आपल्या एका सखीने केलेलं हे भाषण. शेतीच्या कामामुळे ज्या ताईंना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी ते बोललं तसंच छापत आहोत. – संपादक मंडळ)



मला पंधरा-वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय धुराड्याच्या टोपीचा. विषय सांगितला तेव्हा मागच्या रांगेत पदराआड हसू आलं, ते मला इथून दिसलं. हसा, काही हरकत नाही. कर्ज, व्याज, शेळीपालन यांच्यामध्ये ही टोपी कुठून आली, असं वाटणारच. पण आज घरी गेल्यावर प्रत्येकीने अंगणात उभं राहून आपल्याच छपराकडे एकदा बघा. किती धुराड्यांना टोपी आहे, ते मोजा. मग पुढच्या सभेत आपण हसू.

आधी एक गोष्ट मोकळेपणाने बोलू. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली आणि आपल्यापैकी पुष्कळ जणींकडे गॅस आला. चांगलं झालं. पण अंघोळीचं पाणी कशावर तापतं? गुरांचं आंबोण कशावर शिजतं? सिलिंडर संपलं आणि पुढचं आणायला हातात पैसे नसले की भाकरी कुठे होते? चूल घरातून गेलेली नाही. ती आहे तोवर तिचा धूर घराबाहेर गेला पाहिजे, एवढं तरी आपल्या हातात आहे.

धूर डोळ्यांत जातो, खोकला येतो, एवढ्यावर हा विषय संपत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या धुरापायी २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. त्यात पाच वर्षांच्या आतली लेकरं २ लाखांहून जास्त होती. आणि चुलीपुढे कोण बसतं? आपण. कडेवर कोण असतं? आपलं लेकरू. आपल्या दशसूत्रीत आरोग्याचं सूत्र आहे ना, ते सरकारी दवाखान्यात जाऊन सुरू होत नाही, ते चुलीपाशी सुरू होतं.

पाइप कसा ओढतो?

ज्यांच्या घरी पाण्याचा बंब आहे त्यांना हे सांगायला नको. बंबात खालून जाळ घालतो आणि मधल्या नळीतून धूर वर जातो. नळीच्या तोंडावर झाकण टाकलं की काय होतं? धूर खालच्या दारातून आपल्या तोंडावर येतो. चुलीच्या पाइपाचं गणित तेच आहे. गरम हवा हलकी, ती वर चढते. ती वर गेली की तिच्या जागी चुलीच्या तोंडातून ताजी हवा आत येते, जाळ चांगला लागतो. पाइप जितका सरळ, उंच आणि आतून मोकळा, तितकी ओढ जास्त.

आता टोपीचं काम बघा. तिने पाऊस अडवायचा, पाखरू अडवायचं, वरून दाबणारा वारा अडवायचा आणि धुराला मात्र अडवायचं नाही. सासर सांभाळून माहेरही जपायचं, तसलं हे काम. म्हणूनच टोपीला मापं आहेत. मापं चुकली तर टोपी नसलेली बरी, अशी गत होते.

टोपी नसली तर काय होतं?

आमच्या पट्ट्यातल्या एका गटातली गोष्ट सांगते. नाव सांगत नाही. नव्या सुनेने हौसेने दोन भांड्यांची धुराड्याची चूल बांधून घेतली. उन्हाळाभर सगळं छान चाललं. पाइप छपराबाहेर काढला होता, पण टोपी बसवायची राहिली. ‘पाऊस सुरू व्हायच्या आत बसवू’ म्हणत मृग आला. पहिल्याच मोठ्या पावसात पाणी पाइपातून सरळ चुलीत. मातीचीच चूल ती. पाइपाच्या बुडाची माती भिजून खचली, दुसरं वैल बसलं, धूर घरात पसरला. सासूबाईंनी दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी शेजारी तीन दगड मांडले. त्यांचं काय चुकलं? घरातल्या माणसांना जेवायला तर घालायचं होतं. पण पुढचे चार महिने ती सून तीन दगडांपुढे फुंकणी घेऊन बसली, आणि पाइप नुसता खांबासारखा उभा राहिला. गावात बोलणं काय झालं? ‘नवी चूल कामाची नाही.’ चूल कामाची होती, बायांनो. राहिली होती ती पत्र्याची टोपी.

हे एका घरातच होतं असंही नाही. सरकारने १९८३-८४ पासून राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम चालवला. २००२ मध्ये तो बंद झाला तोवर देशभरात ३ कोटींहून जास्त चुली बसवल्या गेल्या. त्यातल्या किती आज धूर बाहेर काढताना दिसतात? आपल्याच गावात आठवून बघा. चूल बसवायला माणूस आला, फोटो निघाला, पुढे पाइप कुणी साफ करायचा हे कुणी ठरवलंच नाही.

ओडिशात यावर मोठा अभ्यास झाला. २०१९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या एस्थर डुफ्लो आणि त्यांच्यासोबत रेमा हन्ना व मायकेल ग्रीनस्टोन यांनी ४४ गावांतली अडीच हजारांहून जास्त कुटुंबं काही वर्षं पाहिली. चूल आपल्यासारखीच, मातीची आणि धुराड्याची. पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या छातीत जाणारा धूर कमी झाला. पुढच्या वर्षांत तो फायदा उरला नाही. कारण काय? चुली फुटल्या, त्यांची देखभाल झाली नाही आणि हळूहळू वापरच कमी झाला. म्हणजे चूल बांधणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं काम दर महिन्याचं आहे, आणि ते आपलं आहे.

मापं ध्यानात ठेवा

आपल्याकडे बहुतेक चुलींना ४ इंची पाइप असतो. मी त्याचंच माप सांगते. तुमचा पाइप वेगळा असेल तर हिशेब तोच लावा.

पहिलं माप फटीचं. पाइपाचं तोंड आणि टोपी यांच्यामध्ये ३ इंच मोकळी जागा ठेवा. हिशेबाने ४ इंची पाइपाला १ इंच फट ठेवली तर चारही बाजूंची मिळून जागा बरोबर तोंडाएवढी होते. पण तेवढ्यावर भागत नाही. धुराला वर येऊन वळायचं असतं, आणि त्या फटीत काजळीही साठते. म्हणून तिप्पट ठेवायची.

दुसरं माप टोपीच्या घेराचं. फट जेवढी, तेवढीच टोपी पाइपाच्या बाहेर झुकलेली हवी. म्हणजे एका बाजूला ३ इंच, दुसऱ्या बाजूला ३ इंच आणि मधला पाइप ४ इंच, असे झाले १० इंच. एवढी झुल असली की निम्मा तिरपा आलेला पाऊसही आत जात नाही. नेमकी पाइपाएवढी टोपी बसवली तर सरळ पाऊस अडेल, पण आपल्याकडचा पाऊस सरळ कधी येतो?

तिसरं माप पत्रा कापायचं. १२ इंच रुंदीची गोल चकती कापा. काठापासून मध्यापर्यंत एक सरळ चीर द्या. आता भाकरीचे सहा तुकडे करतो तसे सहा भाग डोळ्यांपुढे आणा आणि एका भागाएवढा पत्रा पत्र्यावर चढवा. चकतीचा आपोआप शंकू होतो. त्याचा घेर बरोबर १० इंच भरतो आणि उंची सव्वातीन इंचांच्या आसपास येते. चढवलेल्या जागी तीन रिव्हेट मारा. डाग देऊन जोडू नका, उष्णतेने डाग सुटतो.

चौथी गोष्ट पायांची. इंचभर रुंदीच्या, ७ इंच लांबीच्या तीन पट्ट्या घ्या. वरचं टोक टोपीला आतून रिव्हेटने जोडा, मधले ३ इंच मोकळे सोडा, खालचं टोक एका गोल पट्ट्याला जोडा. हा दीड इंच रुंदीचा पट्टा पाइपाभोवती बाहेरून बसतो आणि एका नट-बोल्टने आवळला जातो.

हा नट-बोल्ट फार महत्त्वाचा. टोपी काढता आली पाहिजे. काही ठिकाणी गवंडी टोपी सिमेंट लावून कायमची पक्की करतात. दिसायला मजबूत, पण ज्या दिवशी आत काजळी भरेल किंवा घरटं अडकेल त्या दिवशी ती काढणार कशी? जी टोपी निघत नाही ती कधी साफ होत नाही. बोल्टला बसवतानाच थोडं ग्रीस लावा, नाहीतर गंजून तोही पक्का होतो.

पत्रा २६ गेजचा, जस्ताचा मुलामा असलेला घ्या. तेलाच्या पत्र्याच्या डब्यातूनही टोपी होते, आणि काहीच नसण्यापेक्षा ती चांगली. पण तो पत्रा पातळ, एक-दोन पावसाळ्यांत गंजून चाळण होतो. समुद्राकाठच्या गावात खाऱ्या हवेने जस्ताचा पत्राही लवकर जातो, तिथे परवडत असेल तर स्टेनलेस स्टील घ्यावं.

पाइप किती वर काढायचा?

टोपी कितीही चांगली असली तरी पाइप आखूड असेल तर ती काय करणार? वारा छपरावर आपटून आढ्यापलीकडे खाली दाबला जातो. पाइपाचं तोंड त्या दाबात सापडलं की धूर घरात परततो. म्हणून पाइपाचं तोंड छपराच्या ज्या जागी बाहेर पडतं तिथून किमान ३ फूट वर असावं, आणि दहा फुटांच्या आत आढं, भिंत, फांदी जे काही असेल त्याच्यापेक्षा २ फूट उंच असावं. उंच पाइपाला तीन बाजूंनी तारेचे ताण द्या, नाहीतर वळवाच्या वाऱ्यात टोपीसकट पाइप शेजाऱ्याच्या अंगणात.

पाइप छपरातून जातो तिथे पत्र्याची कॉलर बसवा. कॉलरची वरची बाजू वरच्या कौलांखाली गेली पाहिजे आणि खालची बाजू खालच्या कौलांवर आली पाहिजे. उलटं केलं तर पाणी घरात. आणि छप्पर गवताचं किंवा पाचटाचं असेल तर पाइपाच्या चहूबाजूंनी हातभर गवत काढून तिथे पत्रा टाका. लाकडी वासासुद्धा पाइपाला टेकलेला नको.

जाळी लावायची का, असं पुष्कळ जणी विचारतात. पाखरांसाठी आणि ठिणग्यांसाठी जाळी चांगली. आपल्या भाषेत धुराड्यालाही चिमणी म्हणतात, म्हणून खऱ्या चिमणीने तिथे घर करावं असं काही नाही! पण जाळी अर्ध्या इंचाच्या घराची, लोखंडी हवी. डासांची बारीक जाळी लावली तर काही दिवसांतच काजळीने भरते आणि चूल धुमसायला लागते. जाळी लावली की ती दर महिन्याला झटकायचीच, हे ठरवून मगच लावा. घरट्यात पिल्लं असतील तर ती उडून जाईपर्यंत तीन-चार आठवडे दुसरीकडे चूल मांडा, आणि ती गेली की लगेच टोपी बसवा.

जुन्या सिमेंटच्या पाइपाबद्दल

जुन्या चुलींचे राखाडी सिमेंटचे पाइप पुष्कळदा अ‍ॅस्बेस्टॉसचे असतात. त्याची धूळ छातीत गेली तर वर्षांनंतर फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. नुसता उभा असलेला, न फुटलेला पाइप त्रास देत नाही. त्याला करवत लावू नका, भोक पाडू नका, घासू नका, फोडून त्याचे तुकडे अंगणात पसरू नका. म्हणूनच मी बाहेरून आवळायचा पट्टा सांगितला. त्याला भोक पाडावं लागत नाही. नवा पाइप घ्यायचा असेल तर पत्र्याचा घ्या.

वर कोण चढणार?

खरी अडचण इथे आहे. चूल आपली, खोकला आपला, आणि छपरावर चढायला मात्र घरातल्या गड्याला वेळ कधी मिळतो त्याची वाट बघायची. तो म्हणतो, रविवारी. रविवार येतो, बाजार असतो.

मी दोन गोष्टी सुचवते. एक, शिडी धरायला खाली दोघी असल्याशिवाय कुणीही चढायचं नाही, मग ती बाई असो की बुवा. दोन, प्रत्येक ग्रामसंघाने दोन जणी निवडाव्यात ज्यांना चढायची सवय आहे. आपल्यात झाडावर चढून चिंचा पाडणाऱ्या कमी नाहीत. त्यांना कामाचा मोबदला ठरवून द्या आणि तो गटाच्या वहीत लिहा. फुकटचं काम दोनदा होतं, तिसऱ्यांदा होत नाही.

चढताना सांभाळायच्या गोष्टी: सिमेंटचा पत्रा वरून पक्का वाटतो आणि पायाखाली अचानक फुटतो. त्याच्यावर कधीही सरळ पाय देऊ नका. फळी आडवी टाका, ती खालच्या वाशांवर टेकली पाहिजे, आणि फळीवरूनच चाला. कौलांवरही तसंच. पाऊस, वारा, दव असताना चढायचं नाही. आणि चढण्याआधी विजेची तार कुठून येते ते बघा. हातात पत्र्याचा पाइप आणि डोक्यावर तार, यासारखा धोका नाही. तार जवळ असेल तर वायरमनला सांगून वीज बंद करून घ्या, मगच काम.

देखभाल: उदबत्ती, दोरी आणि वही

आता रोजचं. चूल पेटवायच्या आधी एक उदबत्ती लावून चुलीच्या तोंडाशी धरा. धूर आत ओढला गेला तर पाइप मोकळा. धूर बाहेर आला तर आधी मूठभर सुकं पाचट पेटवून आत घाला. थंडीच्या पहाटे पाइपात गार हवा बसलेली असते, ती अशी हलते. तरीही धूर बाहेरच आला तर समजा, वर काहीतरी अडकलंय. फुंकून फुंकून डोळे लाल करण्यात अर्थ नाही.

दर महिन्याला पाइप साफ करायचा. पावसाळ्यात सरपण ओलं असतं, काजळी चिकट आणि जास्त धरते, तेव्हा पंधरा दिवसांनी. किती काजळी म्हणजे जास्त? पाव इंच. ४ इंची पाइपात आतून सगळीकडे पाव इंच थर बसला की धुराच्या वाटेचा जवळजवळ चौथा हिस्सा बंद होतो. अर्धा इंच बसला तर निम्म्याच्या जवळ वाट गेली. शिवाय हा थर पेटतोसुद्धा. पाइपातून भर्र असा आवाज यायला लागला आणि पाइप तापून लाल व्हायला लागला तर सरपण बाहेर ओढा, चुलीचं तोंड ओल्या मातीने किंवा ओल्या गोणपाटाने बंद करा, सगळ्यांना घराबाहेर काढा आणि मदत बोलवा. पाइपात पाणी ओतू नका, तापलेला पाइप तडकतो.

साफ करायची रीत सोपी. चूल पूर्ण गार झालेली हवी. भांडी उचलून वैलांवर आणि चुलीच्या तोंडावर ओलं गोणपाट टाका, म्हणजे काजळी घरभर उडत नाही. वर टोपी काढा. काथ्याचा किंवा नारळाच्या शेंडीचा पाइपात घट्ट बसेल एवढा गोळा करा, तो दोरीच्या मधोमध बांधा आणि दोरीच्या खालच्या टोकाला एक दगड बांधा. वरची बाई दोरी सोडेल, खालची बाई पाइपाच्या बुडाच्या खिडकीतून टोक धरेल. पाच-सात वेळा वर-खाली ओढलं की काम झालं. बुडाला अशी खिडकी ठेवलेली नसेल तर पुढच्या वेळी चूल लिंपताना ती ठेवून घ्या, वर बसेल असं झाकण करा.

नाकाला ओला पदर बांधा आणि काम झाल्यावर साबणाने हात-तोंड धुवा. हे मी उगाच सांगत नाही. १७७५ साली लंडनच्या पर्सिव्हल पॉट या सर्जनने दाखवून दिलं की धुराडी साफ करणाऱ्या पोरांना मोठेपणी जो कर्करोग होतो तो अंगाला चिकटलेल्या काजळीमुळे. काजळी डोळ्यांत घालायची चांगली म्हणतो ती वेगळी, ही वेगळी.

टोपी हातात आलीच आहे तर तीही बघून घ्या. आतली काजळी खरवडा. गंजाचं भोक पडलंय का, पाय हलतात का, बोल्ट फिरतो का, ते तपासा. वर्षातून चारदा हे झालंच पाहिजे: अक्षय्य तृतीया झाली की एकदा, म्हणजे पावसाच्या आधी, गणपतीच्या सुमारास उघडीप मिळाली की एकदा, दिवाळीच्या साफसफाईत एकदा, आणि संक्रांतीला एकदा. सण विसरत नाही, मग टोपीही विसरणार नाही.

एक इशारा देते, तो मात्र हसण्यावारी नेऊ नका. पाइप तुंबलेला, दारं-खिडक्या बंद, आणि चुलीत निखारे तसेच ठेवून घरची माणसं झोपली, तर कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, आणि झोपेतल्या माणसाला कळतही नाही. घरातल्या दोघा-तिघांचं एकदमच डोकं दुखायला लागलं तर त्याला नजर लागली म्हणू नका. सगळ्यांना आधी मोकळ्या हवेत आणा, दारं उघडा, १०८ ला फोन करा. आणि बाळंतिणीच्या बंद खोलीतली शेकाची शेगडी? तिला तर पाइपच नाही. तिला कुठली टोपी वाचवणार? शेक द्यायचा असेल तर खिडकी उघडी ठेवा, आणि झोपायच्या आधी शेगडी बाहेर काढा.

खर्चाचं गणित

गटाने मिळून घेतलं तर ओझं वाटत नाही. ८ फूट बाय ३ फुटांचा एक पत्रा घेतला तर त्याचे फूट-फुटाचे २४ चौकोन होतात. आठ चौकोन पाय आणि पट्ट्यांसाठी ठेवले तरी १६ टोप्या निघतात. पत्रा, रिव्हेट, नट-बोल्ट आणि पत्रेकाम करणाऱ्याची मजुरी मिळून जे होईल त्याला १६ ने भागा. भाव गावोगाव वेगळा, म्हणून आकडा मी सांगत नाही. दोन दुकानांत विचारून तुम्हीच काढा. जिला एकदम जमत नाही तिला गटातून अंतर्गत कर्ज द्या. आणि ज्या गटाने हात बसवला त्याने शेजारच्या गावालाही टोप्या करून द्याव्यात. पावसाळ्याआधी मागणी असतेच.

मघाशी ज्या सुनेची गोष्ट सांगितली, तिच्या गटाने पुढच्या दिवाळीला हेच केलं. चूल नव्याने लिंपली, टोपी बसवली. आता त्याच सासूबाई सकाळी देवापुढची उदबत्ती घेऊन आधी चुलीपाशी येतात. ‘ओढतेय का बघते,’ म्हणतात.

मला एवढंच मागायचं आहे. रोहिणी निघायच्या आत प्रत्येक गटाने आपल्या गटातल्या घरांची यादी करायची. धुराडं आहे का, टोपी आहे का, ती निघते का आणि शेवटचं कधी साफ केलं, असे चार रकाने. मेच्या सभेत ग्रामसंघाच्या अध्यक्षांनी ती यादी वाचून दाखवायची. ज्या घरात एकटी म्हातारी आहे किंवा चढणारं कुणी नाही, त्या घराची टोपी पहिली बसवायची.

आता मागच्या रांगेतल्या ताईंचे प्रश्न आधी घेऊ.

कात्रण: चुलीजवळच्या भिंतीला लावा

- पाइप ४ इंच, फट ३ इंच, टोपीचा घेर १० इंच, पत्र्याची चकती १२ इंच.
- पाइप छपराच्या वर किमान ३ फूट. दहा फुटांच्या आतल्या आढ्याहून, झाडाहून २ फूट उंच.
- टोपी नट-बोल्टने. सिमेंट नको.
- जाळी अर्ध्या इंचाची, लोखंडी.
- रोज उदबत्ती, महिन्याला दोरी, पावसाळ्यात पंधरा दिवसांनी.
- टोपी वर्षातून चारदा काढून साफ: अक्षय्य तृतीया, गणपती, दिवाळी, संक्रांत.
- एकटीने चढायचं नाही. तार बघितल्याशिवाय चढायचं नाही.
- सगळ्यांचं एकदम डोकं दुखलं तर घराबाहेर या आणि १०८ ला फोन करा.